पृष्ठभागाखालचं आमच्याकडे येत नाही

चेहरा ही ज्याची त्याची खासगी मालमत्ता असते, असा एक गैरसमज सुशिक्षित समाजात अजूनही टिकून आहे. थोडा विचार केला तर त्यातला फोलपणा लक्षात येतो. जी वस्तू मालकाला स्वतःला आरशाशिवाय दिसत नाही आणि बाकीच्यांना मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत विनामूल्य बघावी लागते, ती खासगी कशी? ती सार्वजनिकच. आणि सार्वजनिक वस्तूच्या देखभालीबद्दल सूचना करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. (कर्तव्य म्हटलं तरी चालेल. हक्क बजावायला लोक कंटाळतात, पण हे कर्तव्य कुणी चुकवल्याचं आजवर ऐकिवात नाही.)

थोरलीला हे तत्त्व सोळाव्या वर्षी समजलं. तोवर तिचा चेहरा उपेक्षित अवस्थेत होता. म्हणजे त्याच्याकडे कुणी विशेष बघत नसे, तीही बघत नसे, आणि सगळं सुरळीत चाललं होतं. (थोरली हे नाव नव्हे, पद आहे. ती एकुलती एक. धाकट्या अपत्याचा प्रस्ताव आईबाबांनी तत्त्वतः मान्य केला होता, पुढे त्याचं काही झालं नाही. पद मात्र निर्माण झालं होतं, आणि एकदा निर्माण झालेलं पद रद्द करता येत नाही.)

मग हनुवटीवर पहिली गाठ आली. साधी पुटकुळी असते ती येते, टोक काढते, चार दिवस मिरवते आणि जाते. हे प्रकरण तसं नव्हतं. आधी वर काही दिसायचंच नाही, नुसतं आत ठणकायचं. मग कातडी ताणून लाल व्हायची, मग जांभळट. मग ती गाठ जायचं नाव न घेता मुक्काम ठोकायची. तिला तोंड नसायचं म्हणून ती फुटायची नाही, आणि फुटायची नाही म्हणून प्रत्येकाला वाटायचं की आपण जरा नेट लावला तर फुटेल.

दोन महिन्यांत गाठींची संख्या एवढी वाढली की प्रशासकीय रचना करावी लागली. थोरलीनेच ती केली. हनुवटीवरची सर्वांत मोठी आणि सर्वांत जुनी, ती अधीक्षक. डाव्या गालावरच्या दोघी उपअधीक्षक. कपाळावरची एक रोज जायची आणि रोज यायची, तिला आवक-जावक कारकून नेमलं. जबड्याखाली जी होती ती दिसायची नाही पण दुखायची सगळ्यांत जास्त, म्हणून तिला लेखापरीक्षक म्हणायचं ठरलं.

ही पदं तिने वर्गात जाहीर केली होती. "आज साहेब फिरतीवर नाहीत, कार्यालयात आहेत," असं ती हनुवटीकडे बोट दाखवून म्हणायची. मैत्रिणी हसायच्या, आणि हसून झालं की विषय संपायचा. यामागे साधा हिशेब होता. आपल्यावरचा विनोद कुणीतरी करणारच असेल, तर तो आपणच करावा, निदान त्याचा दर्जा आपल्या हातात राहतो. या धोरणामुळे शाळेत तिची विनोदी मुलगी अशी ख्याती झाली. खरं सांगायचं तर ते फार दुखायचं. डाव्या कुशीवर झोपता येत नसे, टॉवेलचा काठ लागला तरी डोळ्यांत पाणी उभं राहायचं. पण दुखण्यावर काही केल्या विनोद सुचत नव्हता, म्हणून त्याबद्दल ती बोलत नसे.

आता बाबा. बाबा शहराच्या रस्ते देखभाल विभागात उपअभियंता होते, आणि चेहऱ्याच्या देखभालीला त्यांच्याइतका लायक माणूस शोधून सापडला नसता.

रस्ते देखभाल विभागाचं तत्त्वज्ञान स्वच्छ होतं. रस्ता म्हणजे वरची चार बोटं. त्याखाली जे काही असेल ते पाणीपुरवठ्याचं, सांडपाण्याचं, विजेचं, नाहीतर निसर्गाचं. पृष्ठभागाखालचं आमच्याकडे येत नाही, हे वाक्य विभागात नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवलं जाई, आणि पुष्कळांना निवृत्तीपर्यंत तेवढंच पुरत असे. या तत्त्वाची कसोटी लागली ती शाळेसमोरच्या रस्त्यावर. तिथे बरोबर फाटकापुढे रस्ता फुगायचा. विभागाच्या नियमांत खड्ड्याची तरतूद होती, फुगवट्याची नव्हती. रस्त्याला सूज येऊ शकते हे मान्य करणं म्हणजे रस्त्याच्या आत काहीतरी असतं हे मान्य करणं, आणि ते कुणालाच परवडणारं नव्हतं. म्हणून त्याची गणना 'उलटा खड्डा' अशी केली जायची. दर वर्षी त्यावर रोलर फिरवायचा, डांबराचा हात द्यायचा, वर पांढरे पट्टे ओढायचे. दर वर्षी तो पुन्हा यायचा, मागच्या वेळेपेक्षा थोडा ऐसपैस.

पाणी कुठं मुरतंय हे बाबांना चांगलं ठाऊक होतं. खालून जुना नळ गेला होता आणि तो गळत होता. त्यांनी ते पाणीपुरवठा विभागाच्या कानावरही घातलं होतं. तिकडून कळलं की फुगवटा रस्त्यावर दिसतो आहे, तेव्हा तो रस्त्याचा आहे, आणि पृष्ठभागावरचं आमच्याकडे येत नाही. दोन्ही विभागांचे संबंध अत्यंत सलोख्याचे होते.

तर हा अनुभवी माणूस रविवारी सकाळी थोरलीला खिडकीशी उभं करून पाहणी करायचा. मान वाकडी करून, एक डोळा बारीक करून, रस्त्याचा उतार बघतात तसं.

"उजवीकडे सुधारणा आहे," ते म्हणायचे.

"उजवीकडे कधी नव्हतंच, बाबा."

"म्हणजे स्थिती टिकून आहे. तेही काही कमी नाही."

पाहणीनंतर उपाययोजना. पहिला टप्पा साबणाचा. खरखरीत साबणाने दिवसातून पाच वेळा चेहरा घासायचा, कारण वरून घासलं की आतलं जातं (रोलरमागचा सिद्धान्त हाच). कातडी सोलवटून निघाली, गाठी आपापल्या जागी राहिल्या. दुसऱ्या टप्प्यात लिंबू, मग टूथपेस्ट, मग बर्फ, मग बटाट्याच्या चकत्या. एके काळी त्या घरातल्या मुलीच्या तोंडावर घरातल्या माणसांच्या ताटापेक्षा जास्त जिन्नस असायचे. तिसऱ्या टप्प्यात बाहेरून तज्ज्ञ मागवण्यात आले, म्हणजे आत्या.

आत्याचं ब्यूटी पार्लर होतं, आणि जगातला कुठलाही प्रश्न वाफ दिल्याने सैल होतो यावर तिची श्रद्धा होती. तिने थोरलीला वाफ दिली. मग अधीक्षकांकडे बारकाईने बघत ती म्हणाली, "हलू नकोस गं, मी जरासं दाबून बघते."

तिने जरासं दाबून बघितलं. अधीक्षक वर आले नाहीत, ते आणखी आत गेले आणि तिथे त्यांनी विस्तार केला. आठवडाभर हनुवटी अशी सुजली की थोरलीला घास चावता येईना. शेवटी सूज उतरली तेव्हा त्या जागी एक काळपट खळगा राहिला. तो गेला नाही. आईने तो उजेडात नीट पाहिला.

आई विमा कार्यालयात होती. नुकसान भरून येणारं कोणतं आणि न येणारं कोणतं, हा तिच्या रोजच्या कामाचा भाग होता. त्या संध्याकाळी ती बाबांना म्हणाली, "अहो, हिला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवू या. असल्या गाठींचे व्रण कायमचे राहतात. उशीर झाला तर सगळा गाल असाच होईल."

"वयाचं आहे. जाईल," बाबा म्हणाले. "डॉक्टर म्हणजे एकदम खोदकाम झालं. आधी वरून वरून करून बघू."

असं म्हणताना बाबांनी स्वतःच्या गालावरून हात फिरवला. त्यांच्या दोन्ही गालांवर बारीक बारीक खड्डे होते. लहानपणी खडीवर पडलो होतो, असं ते सांगत. रस्त्याच्या माणसाला हे कारण इतकं शोभून दिसायचं की घरात कुणी कधी खोलात शिरलं नव्हतं.

दरम्यान, वर सांगितलेलं कर्तव्य नागरिक बजावतच होते. किराणावाला, रिक्षावाला, ग्रंथपाल, जिन्यात भेटणारी काकू, लिफ्टमध्ये भेटणारे अनोळखी गृहस्थ. थोरलीने जेवताना एकदा सगळ्या सल्ल्यांची तोंडी टक्केवारी सादर केली. पाणी जास्त पी, ४१ टक्के. तेलकट खाऊ नको, २२ टक्के. पोट साफ ठेव, १४ टक्के. मोबाइल कमी बघ, ९ टक्के. केस कपाळावर घेऊ नको, ६ टक्के. केस कपाळावर घे, ६ टक्के (हे दोन्ही सल्ले बहुधा एकाच व्यक्तीकडून). लग्न झालं की जाईल, २ टक्के.

"हे शंभर झाले," बाबा कौतुकाने म्हणाले. आकडे जुळले की त्यांना बरं वाटायचं.

"हो. 'दुखतं का गं?' हे विचारणारे शून्य टक्के. त्यांना धरूनही शंभरच होतात."

बाबा हसले. थोरलीचा सूर विनोदी होता, तेव्हा हसणं रास्तच होतं. आईने तिच्या ताटात काहीतरी वाढलं, जे तिने मागितलं नव्हतं.

याच सुमारास शाळेसमोरच्या रस्त्याच्या नूतनीकरणाचं उद्घाटन ठरलं. रस्ता तोच, फुगवटा तोच, पण त्या वर्षी पट्टे पिवळेही मारले होते, आणि एवढं काम उद्घाटनाशिवाय ठेवणं बरं दिसलं नसतं. रस्त्याच्या कडेला मंच घालायचा, मागे मोठा कापडी पडदा लावायचा, फीत बरोबर फुगवट्यावर बांधायची, कारण तो सगळ्यांत उंच भाग होता आणि फोटोत छान आला असता. सूत्रसंचालन शाळेकडे. सूत्रसंचालन म्हटलं की थोरली, याबद्दल शाळेत दुमत नव्हतं. तिचा आवाज असा होता की ती हजेरी घ्यायला उभी राहिली तरी वर्ग शांत व्हायचा. हे काम तिचं फार आवडतं होतं. बोलायला लागलं की गाल दुखतोय हे तिच्या लक्षातही राहायचं नाही.

मुख्याध्यापिका बाईंनी तिला बोलावून घेतलं. बाई मायाळू होत्या. कुणाला दुखवायचं असलं की त्या आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवायच्या.

"बाळ, तुझा आवाज म्हणजे शाळेची शान आहे," खांद्यावर हात ठेवून बाई म्हणाल्या. "पण फोटो सगळीकडे जाणार. लोक काहीतरी बोलतील, मग तुलाच वाईट वाटेल. तुझ्याच भल्यासाठी आम्ही एक विचार केलाय."

विचार असा होता. मंचावर पुढे माइकपाशी गोडगाली उभी राहील. (हे वर्गातल्या एका मुलीचं टोपणनाव. तिच्या चेहऱ्यावर आजवर काहीही आलं नव्हतं, भावसुद्धा क्वचितच.) तिचा माइक बंद असेल, ती नुसते ओठ हलवील. थोरली पडद्यामागे दुसरा माइक घेऊन बोलेल. आवाज उत्तम, फोटो उत्तम, आणि कुणावरही अन्याय नाही, कारण काम दोघींनाही मिळालं.

"म्हणजे पृष्ठभाग तिचा आणि आतलं माझं," थोरली म्हणाली.

"किती समजूतदार आहेस गं," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे खरोखरच पाणावले.

थोरली तिथून निघाली ती मुलींच्या स्वच्छतागृहात गेली आणि रडली. पण अश्रू खारट असतात, आणि उपअधीक्षकांवरची कातडी साबणाने सोलवटलेली होती. इतकं झोंबायला लागलं की रडणं आवरतं घ्यावं लागलं. आपल्याला धड रडायचीही सोय राहिली नाही हे लक्षात आल्यावर तिला हसू आलं, आणि हसताना अधीक्षक दुखले.

घरी तिने हे सगळं नकलेसकट सांगितलं. बाई, बाईंचा हात, गोडगालीचे ओठ.

"तात्पुरती उपाययोजना म्हणून वाईट नाही," बाबा म्हणाले.

आईने हातातला डाव भांड्यात ठेवला, जरा मोठ्याने.

"बाबा, मला डॉक्टरांकडे जायचंय," थोरली म्हणाली. या वाक्यात विनोद नव्हता. ते आधी कधी तिने म्हटलं नव्हतं, म्हणून बाबा गोंधळले.

"उद्घाटन होऊ दे."

"त्याचा याच्याशी काय संबंध?"

"संबंध काही नाही. पण एका वेळी एक काम."

उद्घाटनाच्या सकाळी आत्या आपली पेटी घेऊन आली. पडद्यामागे कुणाला दिसणार नव्हतं, तरी प्रसंग मोठा होता, म्हणून तिने थोरलीच्या चेहऱ्यावर फाउंडेशनचे तीन थर दिले. आत्याच्या मते आता काहीच दिसत नव्हतं. हे खरं होतं, त्यात थोरलीही दिसत नव्हती.

शाळेपाशी पोचल्यावर तिला बाबा फाटकापुढे उभे दिसले. आदल्या दिवशी सपाट केलेला फुगवटा सकाळपर्यंत पुन्हा वर आला होता, पिवळ्या पट्ट्यांसकट, आणि त्या पट्ट्यांना बारीक भेगा पडल्या होत्या. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, मंचावरचा लाल गालिचा उचलून आणवला आणि तो फुगवट्यावर अंथरला. मग मागे सरून मान वाकडी करून पाहणी केली. थोरलीने आपल्या गालाला हात लावला. बोटाला थर लागला. बापलेकीची नजरानजर झाली, आणि बाबांनी आपली नजर आधी काढून घेतली.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. प्रमुख पाहुणे वजनदार होते, दोन्ही अर्थांनी. थोरली पडद्यामागून बोलत होती आणि गोडगाली पुढे ओठ हलवत होती. पालकांमध्ये कुजबुज झाली की ही मुलगी इतकं सुरेख बोलते हे माहीतच नव्हतं. गोडगालीच्या आईला तर ते घरीही कधी जाणवलं नव्हतं.

पाहुण्यांनी फीत कापली. टाळ्या वाजल्या. रस्ता किती भक्कम आहे हे सगळ्यांना दाखवावं असं पाहुण्यांना वाटलं, आणि गालिच्याच्या बरोबर मध्यभागी उभं राहून त्यांनी टाच जोरात आपटली. मग, बहुधा समाधान झालं नाही म्हणून, पुन्हा एकदा आपटली.

पहिल्यांदा गालिचा फुगला. मग खालून कुणीतरी घसा साफ करावा तसा आवाज झाला, आणि गढूळ पाण्याचा एक जाडजूड फवारा गालिचा बाजूला सारून वर आला. पाहुणे एका बाजूला, कात्री एका बाजूला. खुर्च्या पडल्या. लोक शाळेच्या फाटकाकडे पळाले, आणि फाटक अरुंद होतं. गोडगालीही पळाली. ती तोंड मिटून पळत होती आणि त्याच वेळी माइकवरून तिचा तो प्रसन्न, सुस्पष्ट आवाज सांगत होता, "या भक्कम पायाभरणीसाठी आम्ही रस्ते देखभाल विभागाचे ऋणी आहोत."

काही जण पळता पळता थांबले. पाण्यापेक्षा हे त्यांना जास्त चमत्कारिक वाटलं.

थोरलीला पडद्यामागे काही दिसत नव्हतं. फवाऱ्याचं पाणी कापडातून अंगावर आलं तेव्हा तिने पडद्याच्या फटीतून पाहिलं. पहिली-दुसरीची मुलं पुढच्या रांगेत बसवलेली होती. मोठी माणसं फाटकाकडे रेटत होती आणि ती मुलं मधे सापडली होती. ती पडदा बाजूला करून माइक घेऊन पुढे आली आणि बोलायला लागली. उद्घाटनाचं नव्हे, समोर जे चाललं होतं त्याबद्दल. पाणी ओसरेपर्यंत ती थांबली नाही. (काय बोलली ते पुढे येईल.) लोकांनी ऐकलं. गर्दी डावीकडच्या मैदानात वळली, मुलं रांगेने बाहेर निघाली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. या अवधीत तिच्या चेहऱ्यावरचे तिन्ही थर वाहून गळ्यापर्यंत आले होते आणि सगळं कार्यालय उघडं पडलं होतं. तिला त्याचं भान नव्हतं.

सर्वांत शेवटी पाहुण्यांना बाहेर काढायचं होतं. त्यांच्या पायाखालचा रस्ता खचला होता आणि ते कमरेपर्यंत चिखलात रुतून उभे होते. एकीकडून बाबांनी धरलं, दुसरीकडून थोरलीने हात दिला. पाहुणे वर आले. त्यांच्या शर्टातून, मिशांतून, खिशांतून पाणी निथळत होतं. धाप लागली होती. त्यांनी आभार मानण्यासाठी मान वर केली, थोरलीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि कळवळून म्हणाले, "मुली, पाणी जास्त पीत जा."

थोरलीने "हो" म्हटलं. तिला विनोद सुचला नाही. कधी नव्हे ते तिला काहीच सुचलं नाही, आणि तिचा ओठ थरथरायला लागला. बाबा दोन पावलांवर उभे होते आणि ते बघत होते.

दुसऱ्या दिवशी रस्ता खोदला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दोन्ही विभागांची माणसं खड्ड्याच्या काठावर आपापल्या बाजूला उभी राहिली आणि आत डोकावली. नळाचा सांधा सडून चाळण झाला होता. खालची माती इतकी पोकळ झाली होती की रस्ता आजवर कशाच्या आधाराने उभा होता हे सांगणं कठीण. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याने हळहळून म्हटलं, "तुम्ही आम्हाला कळवायला हवं होतं."

"कळवलं होतं," बाबा म्हणाले.

"पण तुम्ही पृष्ठभाग म्हणून कळवलंत."

बाबा बुटांसकट खड्ड्यात उतरले आणि सांधा हाताने चाचपून बघत बराच वेळ आत बसून राहिले. उपअभियंत्याने असं करण्याची पद्धत नव्हती. वर उभ्या असलेल्यांना संकोच वाटला.

संध्याकाळी ते चिखलाच्या विजारीनेच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ," ते म्हणाले.

"वरिष्ठांची मंजुरी?" थोरलीने विचारलं.

"आहे," आई म्हणाली. "चार महिन्यांपूर्वीच दिलीय."

त्वचेच्या डॉक्टर बाई बारीक चणीच्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी दिवा जवळ ओढला, थोरलीची हनुवटी दोन बोटांनी हलकेच वर केली. थोरलीने ओळखपरेड सुरू केली. हे अधीक्षक, हे उपअधीक्षक. डॉक्टर बाई हसल्या नाहीत. त्यांनी जबड्याखालच्या लेखापरीक्षकाच्या आसपास नुसतं बोट फिरवलं, लावलं नाही, आणि विचारलं, "दुखतं का गं?"

टक्केवारी बिघडली. थोरली "हो" म्हणाली आणि जी रडायला लागली ती झोंबलं तरी थांबली नाही. डॉक्टर बाईंनी कापूस पुढे केला आणि वाट पाहिली. घाई करावी असं त्यांना वाटलेलं दिसलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. याला सिस्टिक ॲक्ने म्हणतात. कातडीच्या खोल थरात, तेलाच्या ग्रंथींपाशी होतं. या वयात शरीरातले स्राव बदलतात, त्याने होतं, आणि पुष्कळदा घराण्यातच असतं. मळाने होत नाही. पोटाने होत नाही. घासून जात नाही, उलट चिघळतं. दाबलं तर आतल्या आत फुटतं आणि व्रण राहतो. पोटातून औषध घ्यावं लागेल, रक्त तपासावं लागेल, काही महिने धीर धरावा लागेल. सुरुवातीला कदाचित जास्तच वाटेल.

"आणि हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. थोरली मान डोलावू लागली, तेव्हा त्या पुढे म्हणाल्या, "तुला नाही, यांना सांगतेय."

बाबांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"घरात आणखी कुणाला होतं का?"

"नाही," बाबा म्हणाले.

डॉक्टर बाईंनी दिव्याची मान थोडी वळवली. उजेड बाबांच्या गालावर पडला. थोरलीने तो गाल जन्मापासून पाहिला होता, पण असा प्रकाश त्यावर कधी पडला नव्हता.

"खडीवर पडलो होतो," बाबा म्हणाले.

"दोन्ही गालांवर?"

"दोनदा पडलो."

थोरलीला हसू फुटलं, रडता रडताच. बाबाही कसंनुसं हसले आणि खालच्या फरशीकडे बघायला लागले. व्यावसायिक सवयीने त्यांना तिथे एक भेग दिसली.

"काही औषध केलं होतं का तेव्हा?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

"वरून वरून," बाबा म्हणाले.

"हिला जरा आधी आणलं असतंत तर," डॉक्टर बाई म्हणाल्या आणि वाक्य पुरं न करता औषधं लिहायला लागल्या. ते वाक्य बाबांनी घरी जाताना, आणि नंतरही पुष्कळ दिवस, मनातल्या मनात पुरं केलं.

पुढचं थोडक्यात. शाळेसमोरचा नळ बदलला, रस्ता सपाट झाला, तो तसाच राहिला. रस्ते विभागात यामुळे थोडी अस्वस्थता पसरली, कारण दर वर्षीचं एक हमखास काम गेलं. आत्या आता वाफ देते पण दाबत नाही. बाबा रविवारी पाहणी करत नाहीत. त्याऐवजी रोज सकाळी औषधाची गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन थोरलीच्या दाराशी येतात, विचारतात, "दुखतंय का आज?" आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाहीत. मुख्याध्यापिका बाईंनी थोरलीला पुढच्या कार्यक्रमात मंचावर समोर उभं केलं, आणि आमच्या शाळेत चेहरा बघितला जात नाही असं तिचा चेहरा सगळ्यांना दाखवून सांगितलं. अधीक्षकांची बदली झाल्याचंही कळतं.

आता एकच गोष्ट उरली. थोरली त्या दिवशी माइकवर काय बोलली, ते पुढे येईल असं मधे म्हटलं होतं. घाबरलेल्या पाचेकशे माणसांना सोळा वर्षांच्या मुलीने असं काय सांगितलं की ती निमूट वळली, हे खरं तर या हकिकतीतलं सगळ्यांत सांगण्यासारखं. पण आजवर ही हकिकत ज्यांनी ज्यांनी ऐकली, त्यांतल्या एकानेही ते विचारलं नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतल्यावर, जरा पुढे झुकून, आवाज खाली आणून, सगळे एकच प्रश्न विचारतात. तुमच्याही मनात तोच आहे, गेली दोन पानं आहे, तेव्हा संकोच नको. डाग राहिले का?

हा प्रश्न थोरलीलाच विचारलेला बरा. समोर येऊन कुणी विचारलं की ती रागावत नाही. माइकवरच्या त्याच सुस्पष्ट आवाजात उत्तर देते, आणि मग विचारणाऱ्याला खिडकीशी उजेडात नेते, मान किंचित वाकडी करते, एक डोळा बारीक करते.

"माझा चेहरा बरा आहे," ती म्हणते. "आता तुमचा बघू."